पुरलेल्या ओढ्याचे कागद

सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून ओढा वाहायचा, असं जुने रहिवासी सांगतात. आज तिथे काँक्रीटचा रस्ता आहे आणि पाऊस जोरात झाला की पाणी रस्ता सोडून थेट पार्किंगमध्ये येतं. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा आर्किटेक्टने पहिल्याच बैठकीत विचारलं, “ओढा नेमका कुठून जायचा? रुंदी किती? कागद काय आहे?” कागद काहीच नव्हता. तो जमवायला ९ जून ते २० जानेवारी एवढा वेळ लागला. त्यातले निदान तीन महिने चुकीच्या दारात उभं राहण्यात गेले. ते दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने मांडलं आहे.

भाग पुण्याच्या दक्षिणेचा, १९९७ साली महापालिकेत आलेल्या गावांपैकी एका गावातला. हे सांगायचं कारण असं की कुठल्या कार्यालयात कुठला कागद असेल, हे जागा कधी शहरात आली त्यावर ठरतं. पेठांमध्ये सिटी सर्व्हेचे नकाशे आणि मिळकत पत्रिका असतात. नंतर आलेल्या गावांमध्ये बऱ्याच ठिकाणी अजून सर्व्हे नंबर, हिस्सा आणि सातबारा चालतो. टी.पी. स्कीम (नगररचना योजना) झालेल्या भागात, म्हणजे १९१५ च्या कायद्यापासून पुढे कधीही, मूळ सर्व्हे नंबर जाऊन अंतिम भूखंड क्रमांक येतो आणि त्या बदलात ओढा सरळ करून टाकलेला असू शकतो. आणि शेताचे विखुरलेले तुकडे जोडण्याची एकत्रीकरण योजना लागू झालेल्या गावात सर्व्हे नंबरचा गट नंबर होतो. त्याचा दुवा ९(३), ९(४) च्या उताऱ्यांत असतो. थोडक्यात, आधी जागेच्या क्रमांकांची साखळी लावायची. ती न लावता ‘जुना नकाशा द्या’ म्हणत गेलं तर समोरचा माणूस इच्छा असूनही काही काढून देऊ शकत नाही.

९ जूनला सोसायटीच्या आणि लगतच्या तीन हिश्शांचे डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे काढले, एकाचे १५ रुपये. त्यात मालकांच्या नावांपेक्षा पोटखराबाचा रकाना बघायचा. पोटखराब वर्ग ‘अ’ म्हणजे लागवडीला नालायक जमीन. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, ओढा, तळं अशा सार्वजनिक कामाकडे असलेली. चारपैकी दोन हिश्शांना ‘ब’ खाली काही गुंठे लागलेले होते. ओढ्याचं नावही नाही, पण ओढ्याची सावली पहिल्यांदा तिथे दिसली. (जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे कुणा खासगी मालकाची नसलेली नदी, ओढा, नाला सरकारचा. म्हणून हे गुंठे महत्त्वाचे.)

मग चूक झाली. १६ जूनला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, ‘सदर परिसरातील ओढ्याचे सर्व जुने नकाशे मिळावेत.’ दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि वाट बघत बसलो. १४ जुलैला एका ओळीचं उत्तर आलं, ‘मागितलेली माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही.’ राग आला, पण उत्तर खोटं नव्हतं. कुठल्याही दप्तरात ‘ओढ्याचे नकाशे’ नावाची फाइल नसते. मोजणीवाल्याने ओढा लिहिला तो शेताचं क्षेत्र काढायला, कालवेवाल्याने लिहिला तो कालवा वाहून जाऊ नये म्हणून, ड्रेनेजवाल्याने लिहिला तो उतार मिळावा म्हणून. ज्याने ज्या कामासाठी लिहिला त्या कामाच्या नावाने मागितला की सापडतो.

उत्तराची वाट बघताना घरबसल्या दोन गोष्टी झाल्या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याचा खंड १८, तीन भागांत, १८८५ चा. तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. तिसऱ्या भागात शहर आहे. आपल्या आडगावचा ओढा त्यात मिळण्याची आशा धरू नये. आंबील ओढा, नागझरी यांच्याबद्दल वाचावं ते एवढ्यासाठी की माणसाने ओढा हलवणं ही आजची गोष्ट नाही. आंबील ओढा पेशवाईतच शहराबाहेरून वळवला गेला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं. म्हणजे ‘मूळ पात्र’ म्हणताना कुठल्या सालचं, हे आधी ठरवावं लागतं. आम्ही ठरवलं, पहिल्या मोजणीच्या वेळचं.

दुसरी गोष्ट, भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा. पुणे शहराचा मोठा भाग ४७ एफ/१४ वर आहे, कात्रजकडचा दक्षिण भाग ४७ एफ/१५ वर. नव्या मालिकेची शीट त्यांच्या पोर्टलवरून नोंदणी करून विनामूल्य उतरवता येते, मात्र तिचा क्रमांक वेगळ्या पद्धतीचा असतो, त्यामुळे जुना क्रमांक टाकून शोधू नये. शीटवर निळ्या रेघा शोधत अर्धा दिवस गेला. वर्षाचा बराच काळ कोरडा असणारा ओढा तिथे काळ्या रेघेने काढतात, निळा रंग पाणी टिकणाऱ्या प्रवाहाला. १:५०,००० वर दहा-बारा मीटरचा ओढा म्हणजे नुसती रेघ, रुंदी कळणारच नाही. पण समोच्च रेषांची (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची) इंग्रजी ‘व्ही’सारखी टोकं वरच्या अंगाला कुठे वळतात ते बघितलं की पाणी कुठून कुठे जातं याची दिशा पक्की होते. कोपऱ्यात छपाईचं साल आणि सर्वेक्षणाचं साल वेगळं दिलेलं असतं. आपल्या कामाचं दुसरं.

२१ जुलैला भूमी अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज दिला. या वेळी कागदांची नावं लिहिली: गाव नकाशा, स. नं. (सर्व्हे नंबर) अमुकचं मूळ टिपण (जागेवरच्या मोजमापांची नोंद), गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशेब), फाळणी (हिश्शांची मोजणी), आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंद). तिथल्या एका निवृत्तीला आलेल्या भूकरमापकाने अर्ज वाचून एवढंच सांगितलं की शेजारच्या नंबरांची टिपणंही मागा. ओढा हद्दीवर असेल तर एका नंबरच्या टिपणात अलीकडचा काठ मिळतो आणि दुसऱ्याच्या टिपणात पलीकडचा. साडेसात महिन्यांतला सर्वांत मोलाचा सल्ला हाच. अर्ज बदलून सहा नंबरांचा केला.

गाव नकाशा दहा दिवसांत मिळाला. टिपण बुक मात्र ‘शोधतो, पुढच्या आठवड्यात या’ यावर तीन वेळा अडकलं. १८ ऑगस्टला पुन्हा माहितीचा अर्ज, पण या वेळी प्रत न मागता अवलोकन मागितलं. कलम २(ञ) प्रमाणे कागद प्रत्यक्ष बघण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून टिपणं आणि फाळणी यांचा एक अर्ज, बाकी काही त्यात घातलं नाही. १२ सप्टेंबरला बोलावणं आलं. पहिला तास अवलोकनाला पैसे लागत नाहीत. जाताना पेन्सिल, पांढरा कागद, मोजपट्टी आणि भिंग न्यावं. शाईचं पेन जुन्या बुकाजवळ उघडू नये. बांधणीच्या कडेला आत गेलेले आकडे फोटोत येत नाहीत, ते हाताने उतरवून घ्यावेत.

टिपण म्हणजे नकाशा नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करावं लागतं. ते मोजमापांचं कच्चं चित्र आहे, प्रमाणात काढलेलं नसतं. शेताच्या दोन दगडांमध्ये एक पाया रेषा धरलेली असते, तिच्यावर अंतरं लिहिलेली असतात आणि बाजूला लंब. ही शंकू-साखळीची मोजणी. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंच. आमच्या नंबरच्या टिपणात पाया रेषेवर ओढ्याच्या अलीकडच्या काठाला ६ साखळी १० आणे होते आणि पलीकडच्या काठाला ७ साखळी १४ आणे. फरक १ साखळी ४ आणे. घरी आल्यावर वहीत ‘१.४ साखळी’ असं लिहिलं गेलं होतं आणि त्यावरून ४६ फूट रुंदी काढून मोकळे झालो. मधलं टिंब दशांशचिन्ह नाही. १ साखळी ४ आणे म्हणजे ३३ अधिक सव्वाआठ, सव्वाएक्केचाळीस फूट, १२.५७ मीटर. पाच फुटांची चूक नुसत्या टिंबाने.

तीही रुंदी नव्हेच. पाया रेषा ओढ्याला काटकोनात कापत नव्हती. शेजारच्या नंबरचं टिपण जुळवून काठाची दिशा काढली तर कोन साधारण ६० अंशांचा आला. तिरकं कापलं की अंतर जास्त भरतं. हिशेब केल्यावर खरी रुंदी ११ मीटरच्या किंचित आत बसली. हा आकडा पुढे प्रत्येक बैठकीत वापरला गेला, म्हणून तो कसा आला ते टिपणाच्या प्रतीखालीच चार ओळींत लिहून ठेवलं. नाहीतर सहा महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही.

टिपणावरचे अंक वाचता येतात, अडतात ते मोडीतले शेरे. आमच्याकडे सहा शेरे होते, ते पैसे देऊन वाचून घेतले. पाच ‘बांध’, ‘दगड’ अशा किरकोळ जातीचे निघाले. सहाव्यात ओढ्यालगत विहीर लिहिलेली होती. ती विहीर आजही आहे, जाळी टाकून झाकलेली. सगळ्या कामात हा एकच बिंदू असा निघाला की जो जुन्या कागदावरही आहे आणि आज पाय ठेवायलाही आहे. २६ सप्टेंबरला प्रती हातात आल्या, माहितीच्या अधिकारात पानाला दोन रुपये. मोठे नकाशे प्रत्यक्ष खर्चाने.

गाव नकाशावर ओढा ठसठशीत दिसतो, म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात. तो १ इंचाला २० साखळ्या, म्हणजे १:७९२० प्रमाणाचा. त्यावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ आठ मीटर. लेखणीच्या रेघेची जाडीच चार मीटर व्यापते. तेव्हा गाव नकाशावरून ओढ्याची वाट घ्यावी, रुंदी कधीही घेऊ नये. कुणी तसा दावा केला तर एवढंच गणित पुढे ठेवावं.

ऑक्टोबर महापालिकेत गेला. हा भाग थोडक्यात, कारण इथे शोधायचं फारसं नव्हतं. सोसायटीच्या कपाटातच मंजूर लेआउटची घडी घातलेली ब्लूप्रिंट निघाली, तीच आधी बघायला हवी होती. तिच्यावर जुना नाला तुटक रेघेने आणि ‘वळवलेला नाला’ भिंतीकडेने १२०० मिलिमीटरच्या पाइपात दाखवलेला. अकरा मीटरच्या पात्राच्या जागी सव्वा चौरस मीटरही छेद नसलेला पाइप. पार्किंगमध्ये पाणी का येतं, याचं उत्तर आमच्याच कपाटात होतं. सोबत बिनशेतीचा आदेश असेल तर त्याच्या अटी वाचाव्यात. ‘नैसर्गिक प्रवाह अडवू नये’ अशा अर्थाची अट तिथे असते आणि ती कुणीच वाचलेली नसते.

मलनिस्सारणाच्या नोंदींतून मात्र एक अनपेक्षित गोष्ट कळली. मोठी सांडपाणी वाहिनी उतारानेच न्यावी लागते, म्हणून ती बहुतेक वेळा ओढ्याच्या काठाने किंवा पात्रातूनच टाकलेली असते. चेंबरांच्या तळपातळ्या ओळीने लिहून काढल्या की पुरलेल्या दरीचा छेदच कागदावर उभा राहतो. खबरदारी एकच. जुन्या आणि नव्या आराखड्यांतल्या पातळ्या वेगवेगळ्या आधारापासून मोजलेल्या असू शकतात. दोन्हींत असलेलं एक तरी चेंबर धरून फरक काढावा, मगच आकडे एकत्र करावेत. आम्ही तसं केलं नव्हतं, आणि पाणी चढावर वाहतंय असा छेद तयार झाला.

सर्वांत भक्कम पुरावा मिळाला तो कालव्याकडून, आणि तिथेच सर्वांत जास्त थांबावं लागलं. खडकवासल्याचं धरण १८७९ चं. तिथून निघणारा मुठा उजवा कालवा शहराच्या दक्षिण अंगाने हडपसरकडे जातो. दक्षिणेच्या डोंगरातून उतरून मुठेकडे जाणाऱ्या प्रत्येक ओढ्याला हा कालवा ओलांडावाच लागतो, आणि ओलांडायचं म्हणजे तिथे मोरी, जलसेतू किंवा सायफन बांधणं आलं. त्या प्रत्येक बांधकामाची नोंद कालव्याच्या साखळी अंतराप्रमाणे, म्हणजे त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतराप्रमाणे, असते, सोबत ओढ्याचं पाणलोट क्षेत्र आणि धरलेला विसर्ग. वर इमारती झाल्या, रस्ता झाला, तरी कालव्याखालची मोरी कुणी हलवत नाही. रेल्वेच्या पुलांचंही तेच. रुळांखालच्या लहानशा मोरीलासुद्धा क्रमांक रंगवलेला असतो. आपला ओढा कुठला कालवा किंवा रूळ ओलांडतो का, हे पहिल्या दिवशीच बघावं असं आज वाटतं.

या नोंदींसाठी ६ ऑक्टोबरला अर्ज दिला. ३० दिवसांत उत्तरच आलं नाही. पहिलं अपील मुदतीनंतरच्या ३० दिवसांत करायचं असतं, २० रुपयांचा स्टॅम्प लावून, त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे. अपिलात तक्रारीचा सूर न लावता मूळ अर्जाची पोच, तारीख आणि ‘अवलोकन द्यावे’ एवढंच लिहिलं. २४ नोव्हेंबरला सुनावणी झाली, पाच मिनिटांची. ८ डिसेंबरला रजिस्टर समोर आलं. आकडे जुन्या पानांवर चौरस मैल आणि क्युसेकमध्ये. एक चौरस मैल म्हणजे २.५९ चौरस किलोमीटर, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. आमच्या ओढ्याचं नाव तिथे गावकऱ्यांच्या तोंडच्या नावापेक्षा वेगळं होतं, म्हणून पहिल्या फेरीत ती ओळ नजरेतून निसटली. नावावर विसंबू नये, साखळी अंतरावरून जागा काढावी.

ज्यांचा ओढा त्याहून जुन्या किंवा मोठ्या कामाशी जोडलेला आहे, त्यांच्यासाठी राज्याच्या पुराभिलेखागारांचा रस्ता आहे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, पुण्यात पेशवे दप्तर. मुंबईतले इंग्रजी कागद विभाग, साल, खंड आणि कंपायलेशन क्रमांक या क्रमाने लावलेले आहेत, त्यामुळे ‘सार्वजनिक बांधकाम, सिंचन’ आणि सालांचा पट्टा ठरवून जावं. पेशवे दप्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मोडीत आहेत. आमच्या कामाला तिथपर्यंत जाण्याची गरज पडली नाही.

गाव नकाशा आणि आजचा लेआउट यांच्यामध्ये मोठी पोकळी राहते. ती भरली अमेरिकेच्या कोरोना या हेर-उपग्रहांनी. त्यांची छायाचित्रं १९९५ साली खुली झाली आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. १९६७ ते १९७२ च्या केएच-४बी मालिकेत जमिनीवरची दोनेक मीटरची वस्तू ओळखू येते. फिल्मची पट्टी आधी कुणी स्कॅन करून घेतलेली असेल तर फुकट, नाहीतर एका चौकटीला ३० डॉलर. आमची फुकट मिळाली. चित्रात शेतं आहेत, विहिरीचा काळा ठिपका आहे आणि त्याच्या बाजूने वळत गेलेली झाडोऱ्याची गडद पट्टी. टिपणातल्या वळणाशी ते वळण जुळलं तेव्हा खोलीतले चौघंजण एकदम बोलायला लागले. फिल्मच्या पट्टीवरचं चित्र कडांकडे फार ताणलं जातं, म्हणून आपली जागा पट्टीच्या मध्याजवळ येईल अशी चौकट निवडावी.

डिसेंबरचा उरलेला काळ सगळं क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत एकावर एक बसवण्यात गेला. जुने दगड, तीन गावांच्या हद्दी मिळतात तो तिठा, विहीर, देऊळ, कालव्याची मोरी असे आठ-दहा बिंदू घ्यावेत आणि दोन तपासणीसाठी बाजूला ठेवावेत. रस्त्यांचे कोपरे घेऊ नयेत, रस्ते रुंद होतात. थिन प्लेट स्प्लाइन ही चित्र ताणून बसवण्याची पद्धत निवडली की चूक शून्य दिसते. ती दिसणारच, कारण ती पद्धत प्रत्येक बिंदूतून चित्र ओढून नेतेच. खरी चूक बाजूला ठेवलेल्या दोन बिंदूंवर कळते, आमची सहा मीटरच्या आसपास आली. १:७९२० च्या, घडी पडलेल्या कागदावर दोन मीटरची चूक आली असती तर उलट संशय घेतला असता. जुनी टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभ या पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणितावर आहे आणि आजचे मोबाइलचे निर्देशांक डब्ल्यूजीएस ८४ या नव्या गणितावर. हे न बदलता बसवली तर ओढा सरळ शेजारच्या सोसायटीतून जातो, आणि भांडणाला नसलेलं कारण मिळतं.

सगळा खर्च साडेपाच हजारांच्या आत राहिला. स्टॅम्प आणि पानांचे मिळून पाचशेही नाहीत, बाकी मोठ्या नकाशांचं स्कॅनिंग, मोडी वाचन आणि रिक्षा.

जे सापडलं नाही तेही फाइलमध्ये लिहिलं. विहिरीपासून रस्त्यापर्यंतच्या चाळीसेक मीटरांत टिपण एक वळण दाखवतं आणि गाव नकाशा दुसरं. मोजलेलं असल्याने टिपण वर ठेवलं, दुसरी रेघ तुटक दाखवली. आर्किटेक्टला आधी ती तुटक रेघ पुसून हवी होती. पण समोरच्या कार्यालयाकडे गाव नकाशा असतोच, त्यांनी ती काढून दाखवण्यापेक्षा आपण दाखवलेली बरी, हे त्यांना पटलं. २० जानेवारीला अकरा कागदांचा संच, प्रत्येकावर मिळाल्याची तारीख आणि नक्कल क्रमांक लिहून, पर्जन्यजल विभागात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. ती प्रत आता ब्लूप्रिंटच्याच कपाटात आहे, वरच्या कप्प्यात.